मारापीच्या उतारावरचे परियांगान

पादांगच्या विमानतळावर उतरलो आणि पहिली नजर गेली ती छपरावर. म्हशीच्या शिंगांसारखी दोन्ही टोके आभाळाकडे वळलेली. सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या प्रांतात विमानतळ असो, सरकारी कचेरी असो की बँक, छप्पर असेच बांधण्याची पद्धत आहे. मुंबईहून क्वालालंपूर आणि तिथून तासाभराचे विमान. भारतीय पारपत्र असेल तर विमानतळावरच पाच लाख रुपिया भरून तीस दिवसांचा व्हिसा मिळतो. पाच लाख ऐकून आमच्या घरच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिले. आपल्या एका रुपयाला त्यांचे दोनशेच्या आसपास रुपिया येतात. तेवढे गणित जमले की भीती जाते, आणि खिशात लाखो घेऊन फिरण्याची थोडी मौजही वाटते.

आम्ही चौघे होतो, दोघे भाऊ आणि आमच्या दोघींनी मिळून. निघालो होतो फिरायला, पण नुसते फिरायला नाही, हे आधीच सांगून टाकतो. रायगड जिल्ह्यातली महामार्गालगतची आमची बापजाद्यांची भातजमीन मागच्या साली विकली. पैसा बँकेत पडून होता आणि त्याचे व्याज घरात नको होते. क्वालालंपूरला नोकरीत असलेल्या एका नातेवाइकाने सुचवले, की सुमात्रात हवा कोकणासारखी, लोक मुसलमान, जमीन स्वस्त आणि पाहुण्यांचा ओघ वाढतो आहे. एखादे छोटे विश्रामगृह बांधा. त्यानेच परियांगानचे नाव घेतले. 2012 मध्ये एका अमेरिकी प्रवासी मासिकाने जगातल्या सर्वांत देखण्या गावांच्या यादीत हे गाव घातले, तेव्हापासून त्याचे नाव झाले आहे. म्हणून 2025 च्या मे महिन्यात, मुलांना आजोळी ठेवून, आम्ही गेलो.

पादांग सोडले की रस्ता आनाई खोऱ्यातून वर चढतो. एका वळणावर धबधबा इतका रस्त्याला लागून आहे, की मोटारीच्या काचेवर तुषार येतात. 2024 च्या मे महिन्यात मारापी ज्वालामुखीच्या अंगावरची राख आणि दगड पावसाच्या लोंढ्याबरोबर खाली आले, तेव्हा याच खोऱ्यातला रस्ता वाहून गेला होता. आगाम, तानाह दातार आणि आसपासच्या भागांत मिळून साठाहून अधिक माणसे दगावली. त्याच्या आधी 3 डिसेंबर 2023 ला मारापीचा स्फोट झाला आणि वर चढलेले 24 गिर्यारोहक मेले. चालक हे सगळे सांगत होता आणि समोर 2891 मीटर उंचीचा तो डोंगर ढगात डोके घालून निमूट उभा होता. विवरापासून तीन किलोमीटरच्या आत कोणी जाऊ नये असा सरकारी हुकूम आहे. गाव त्या कक्षेच्या बाहेर, दक्षिणेच्या उतारावर.

वाटेत पादांग पांजांग या गार हवेच्या गावात आम्ही जुहरच्या नमाजसाठी थांबलो. इथे मुलींची एक जुनी शाळा आहे, दिनिया पुत्री. रहमा अल-युनूसिया या बाईने ती 1923 मध्ये काढली, तेव्हा तिचे वय होते तेवीस. पुढे कैरोच्या अल-अझहरने तिला शेखा ही पदवी दिली, आणि त्या विद्यापीठात मुलींसाठी वेगळा विभाग निघाला त्यामागे या शाळेचे उदाहरण होते असे सांगतात. फाटकाबाहेर उभे राहून आम्ही पांढऱ्या ओढण्यांची रांग पाहिली आणि पुढे निघालो.

परियांगान दिसते ते एकदम, वळण घेतल्यावर. डोंगराच्या कुशीत दाटीने घरे, मधोमध मशीद, आणि भोवती भातखाचरांच्या पायऱ्या खाली खाली उतरत गेलेल्या. मिनांगकाबाऊ लोक या गावाला आपले मूळ गाव मानतात. त्यांच्या जुन्या बखरी सांगतात, की मारापी जेव्हा बदकाच्या अंड्याएवढा होता आणि बाकी सगळे पाणी होते, तेव्हा पूर्वज इथे उतरले, आणि ते इस्कंदर झुलकरनैनच्या वंशातले होते. बखरीला बखर म्हणून ऐकावे. पण गावाला इथे ‘नगरी’ म्हणतात, ही गोष्ट खरी, आणि शब्द कुठून आला हे मराठी माणसाला सांगायला नको. 1979 च्या कायद्याने सरकारने सगळ्या देशाला एकाच छापाची ग्रामव्यवस्था लावली आणि नगऱ्या मोडल्या. 2000 नंतर लोकांनी त्या परत आणल्या.

मशिदीला लागूनच गरम पाण्याचे झरे आहेत. पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे. फजरच्या वेळी थंडीने कुडकुडत पायऱ्या उतरावे आणि वाफाळत्या पाण्याने वजू करावा, हे सुख आम्ही पाच दिवस रोज घेतले. इथले लोक शाफिई आहेत, आम्ही कोकणी मुसलमानही शाफिई. सफेमध्ये उभे राहिल्यावर परदेशात आहोत असे वाटले नाही. गावात एक फार लांब कबर दाखवतात, आणि ती पावलांनी मोजली तर दर वेळी वेगळा आकडा येतो अशी आवई आहे. आम्ही सलाम केला, मोजली नाही.

आमचा मुक्काम एका लाकडी घरात होता. माणशी रोज दीड लाख रुपिया, दोन वेळचे जेवण धरून. घरमालकीण साठीच्या पुढची. सगळे तिला ‘अमाक’ म्हणत, म्हणजे आई, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. तिची लेक शाळेत इंग्रजी शिकवते, ती आमची दुभाषी. आम्हा भावांना ती ‘उदा’ म्हणे, म्हणजे थोरला भाऊ, आणि आमच्या घरच्यांना ‘उनी’. पहिल्या रात्री जेवायला बसलो तर मोठ्या थाळ्यात भात, वर केळीचे पान, आणि भोवती गोल करून सहा जणांनी एकाच थाळ्यात हात घालायचा. दस्तरखानाची सवय असलेल्याला यात नवल नाही. नवल रेंदांगचे. नारळाच्या दुधात मांस पाच-सहा तास मंद आचेवर आटवतात, काळे पडेस्तोवर, आणि मग ते कित्येक दिवस टिकते. मिरचीला इथे ‘लादो’ म्हणतात. आमच्याकडे लाडो म्हणजे लाडकी लेक, असे सांगितल्यावर अमाक इतकी हसली, की तिला पाणी द्यावे लागले.

सकाळी कॉफी मागितली तर करवंटीत आले काहीतरी चहासारखे. ‘कावा दाउन’, कॉफीच्या पानांचा काढा. पाने विस्तवावर भाजून, सुकवून उकळतात. 1847 पासून 1908 पर्यंत डच सरकारने या डोंगरावर सक्तीने कॉफी लावून घेतली. बिया सगळ्या सरकारी वखारीत जायच्या, पिकवणाऱ्याच्या वाट्याला झाडाची पाने. ती पिण्याची सवय लागली ती लागलीच. चव धुरकट, वर साखर घालावी लागते. आम्हाला फारशी आवडली नाही, पण नाकारवली नाही.

शेतीचे सांगायचे तर राखेने काळी झालेली जमीन आणि वरून आपोआप उतरणारे पाणी, ही या गावाची दौलत. खाचरांतून पाणी एका बांधावरून दुसऱ्या बांधावर सरकत खाली जाते, पंप कुठे दिसला नाही. भाताचे पीक वर्षातून दोनदा निघते, मधल्या काळात मिरची किंवा भाजी. उतारावर दालचिनी आणि कॉफी. तांदूळ मोकळा शिजणारा आवडतो, चिकट नको. याही बाबतीत आमचे जमले. लावणीला बायका वाकलेल्या, आणि बांधावर उभा राहून सूचना करणारा एक म्हातारा, हे चित्र पाहून आम्हा दोघा भावांना काय आठवले ते लिहायला नको. उश्रचा हिशेब इथे चोख आहे. 653 किलोपर्यंत भात झाले की जकात लागू होते. कष्टाने किंवा पैसा घालून पाणी दिले असेल तर विसावा भाग, पावसावर किंवा झऱ्याच्या वाहत्या पाण्यावर पिकले असेल तर दहावा. अमाकने सांगितले, की आमच्याकडे पाणी अल्लाह पाठवतो, तेव्हा आम्ही दहावाच काढतो. पाटाची दुरुस्ती दरसाल करावी लागते, तरीही.

तिसऱ्या दिवशी आम्ही जमिनीचा विषय काढला. पादांगमधल्या एका दलालाने आम्हाला सांगून ठेवले होते, की परदेशी माणसाच्या नावावर होत नाही, पण एखाद्या स्थानिकाच्या नावावर घ्या, आतून करार करा, सगळे तसेच करतात. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्याने परदेशी माणसाला मालकी मिळत नाही, आणि असा आतला करार कायद्यापुढे उभा राहत नाही, एवढे आम्ही वाचून गेलो होतो. रीतसर परदेशी कंपनी काढायची तर जमीन आणि इमारत सोडून दहा अब्ज रुपियाहून मोठ्या गुंतवणुकीचा आराखडा द्यावा लागतो. म्हणजे आपले पाच कोटींच्या वर. आमच्याकडे त्याच्या जवळपासही नव्हते. तरी भाडेपट्ट्याने काही मिळते का, हे विचारायला हरकत नव्हती.

अमाक म्हणाली, हे माझ्याशी बोलून भागणार नाही, दातुकना बोलवावे लागेल. दातुक म्हणजे कुळाचा मानकरी. तिचाच थोरला भाऊ. लेकीने त्याची ओळख ‘मामक’ अशी करून दिली. आईच्या भावाला त्यांच्या भाषेत मामक म्हणतात. आम्ही म्हटले, आमच्याकडे मामा. दातुक खूश झाले आणि बसकणीवर मांडी घालून नीट बसले.

मग त्यांनी जे सांगितले ते असे. ही खाचरे, हे घर, ही नारळाची झाडे अमाकची आहेत, तिच्या आईची होती, पुढे लेकीची होतील. पण विकायची म्हटली तर यांतल्या कोणाचीच नाहीत. ती कुळाची आहेत, आणि कूळ आईकडून चालते. कसायची, राहायची, खायची ती मुलींनी. सांभाळायची मामाने. मुलगा मोठा झाला की कमवायला बाहेरगावी जातो, नवरा बायकोच्या घरी राहतो. जावयाला इथे जळक्या खुंटावरच्या राखेची उपमा देतात, फुंकर आली की उडाली. हे ऐकून आमच्या घरच्या दोघींना जे हसू आले ते थांबेना.

विकणे नाही. गहाण ठेवता येते, तेही चारच कारणांसाठी. घरात मय्यत आहे आणि दफनाला पैसा नाही. घरातली उपवर मुलगी पैशावाचून लग्नाची राहिली आहे. मोठे घर गळायला लागले आहे. किंवा कुळाची दातुकपदवी वारसाविना पडून आहे आणि ती पुन्हा उभी करायची आहे. दातुकनी बोटांवर चार मोजली आणि म्हणाले, “पाहुण्यांसाठी विश्रामगृह बांधणं, हे पाचवं आमच्यात नाही.”

आम्ही विचारले, आणि शरीअत? मुलाला काही नाही आणि मुलीला सगळे, हे फराइजमध्ये कसे बसते? प्रश्न विचारताना आमच्या आवाजात थोडा कडकपणा होता, हे कबूल करायला हवे. दातुकना तो प्रश्न नवा नव्हता. मक्केच्या हरम शरीफमध्ये शाफिई जमातीचे इमाम झालेले शेख अहमद खतीब (1860-1916) याच मुलखातले, आणि त्यांनी या चालीवर कडक टीका करणारे लिखाण केले. त्यावर इथे कित्येक वर्षे वाद चालला. काही आलिमांनी म्हटले, की कुळाची जुनी मिळकत कोणा एकाची मालमत्ताच नाही, ती वक्फसारखी आहे, तेव्हा तिचा वारसा वाटण्याचा प्रश्न येत नाही. शेवटी 1952 मध्ये बुकिटिंगीला आलिम, दातुक आणि शिकलेली मंडळी एकत्र बसली आणि ठरले: पूर्वजांची जुनी मिळकत चालीप्रमाणे मुलींकडे राहील, पण नवरा-बायकोने स्वतः कमावलेले सगळे कुरआनातल्या हिश्शांप्रमाणे वाटले जाईल. मुलाला मुलाचा, मुलीला मुलीचा. सगळ्यांचे समाधान झाले असे नाही. वाद अजून ऐकू येतो. पण व्यवहार असा चालतो.

हे सांगून झाल्यावर दातुकनी चहाचा पेला खाली ठेवला आणि सहज विचारले, “तुमची जमीन कोणाची होती?”

आम्ही सांगितले, अब्बांची. त्यांच्या आधी दादांची.

“भावंडं किती?”

दोघे भाऊ, एक बहीण. आई-वडील दोघेही आता नाहीत.

त्यांनी बोटांवर हिशेब केला. दोन, दोन आणि एक. “म्हणजे पाचातला एक तिचा. तिने त्याचं काय केलं?”

लेकीने भाषांतर केले आणि आम्ही दोघांनीही उत्तर द्यायची घाई केली नाही. आपाने हक्कसोडपत्रावर सही दिली होती. तलाठ्याच्या कचेरीत, नवी ओढणी घालून आली होती ती त्या दिवशी. कोणी जबरदस्ती केली नाही. वर्षानुवर्षे सगळ्या घरांत जे चालत आले तेच झाले. बहिणीने वाटा मागितला तर माहेर तुटते, आणि न मागितला तर ईदला साडी. ती साडी आम्ही न चुकता देत होतो. हे सगळे इंग्रजीत, मग मिनांग भाषेत, मग पुन्हा इंग्रजीत सांगताना आमच्याच कानाला कसे तरी वाटू लागले. इथे मुलींना शरीअतच्या हिश्शापेक्षा जास्त देतात म्हणून मक्केत बसलेल्या इमामाने कागद काळे केले. आमच्याकडे कमी देतात, त्यावर आमच्या मोहल्ल्यातल्या मिंबरवरून जुम्म्याला एक शब्द आम्ही ऐकलेला नाही.

दातुक काही बोलले नाहीत. अमाक उठली आणि तिने आणखी भात आणला.

रात्री आम्ही चौघे ओसरीवर बसलो. आमच्या घरच्या दोघी बोलत होत्या आणि आम्ही ऐकत होतो. त्यातली एक म्हणाली, की तिनेही सही दिली आहे, तिच्या माहेरी, आमच्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी. इतक्या वर्षांत हे आम्हाला ठाऊक होते, पण कधी विचारले नव्हते, की तेव्हा तिच्या मनात काय होते. त्या रात्रीही विचारले नाही. तिने आपणहून सांगितले. ते इथे लिहिण्यासारखे नाही.

गुंतवणुकीच्या विचाराने जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की या गावात पैसा घेऊन येणाऱ्याला दार बंद नाही, फक्त मालक होऊन येता येत नाही. सोबती होऊन येता येते. त्याची जुनी रीत आहे: अर्धलीने जनावर. आपल्याकडे कोकणात आणि देशावर शेळी किंवा गाय अर्धलीने देतात तेच. पैसेवाला गोऱ्हा विकत घेऊन देतो, शेतकरी तो पाळतो, आणि बकरी ईदच्या हंगामात विकल्यावर आधी घातलेली रक्कम बाजूला काढून उरलेला नफा निम्मा-निम्मा. हेळसांड न होता गोऱ्हा मेला तर पैसेवाल्याचा पैसा गेला, पाळणाऱ्याचे कष्ट गेले. कोणी कोणाचे देणे लागत नाही. यात व्याज नाही आणि ठरलेला परतावाही नाही. पाच कोटींच्या स्वप्नासमोर हे फार किरकोळ दिसते. नगरीला स्वतःचा उद्योग काढता येतो, अशी सोय 2014 च्या ग्रामकायद्यात आहे. पाहुण्यांनी राहावे ते गावकऱ्यांच्याच घरी, जेवावे त्यांच्याच हातचे. आम्ही दिलेला दीड लाख रुपियाचा दर अमाकच्या हातात पडताना पाहिला. मधे कोणी नव्हता.

शेजारच्या गावी गुरांचा बाजार होता. दातुकच्या भाच्याबरोबर जाऊन आम्ही एक तांबडा गोऱ्हा घेतला, एक कोटी दहा लाख रुपियाला. आपले साठ हजारांच्या आत. भाव ठरवताना दोघे व्यापारी फडक्याखाली हात धरून बोटांनी बोलतात, आवाज नाही. आमच्या तळ्याच्या बाजारातला एखादा म्हातारा व्यापारी तिथे उभा केला तर अर्ध्या तासात मुरला असता. पुढच्या बकरी ईदला तो विकला जाईल, इन्शाअल्लाह.

संध्याकाळी कागद झाला. अमाकच्या लेकीने वहीचे पान फाडून शर्ती लिहिल्या, दातुक आणि मशिदीचे मुअज्जिन साक्षीदार. पाळणारी म्हणून अमाकचे नाव घातले. मग लेकीने पेन वर उचलले आणि विचारले, “उदा, पैसे कोणाच्या नावाने लिहू?”

आम्ही आपाचे नाव सांगितले. लेकीला ते दोनदा सांगावे लागले, मग तिने ते आपल्या पद्धतीने लिहिले, एक अक्षर चुकवून.

पाचातल्या एकाचा बाकीचा हिशेब घरी आल्यावर सुरू झाला आहे, आणि तो कागदाच्या एका पानात मावणारा नाही. आपाला फोन लावला तो परतताना, क्वालालंपूरच्या विमानतळावरून. सगळे ऐकून घेतले तिने. मग विचारले, गोऱ्ह्याला तिकडे पेंढा घालतात की हिरवा चारा, आणि रात्री बांधतात कुठे.